बाकी

सेलूत, स्टेशनाच्या मागं, सरकीच्या वखारीला लागून
मुंजाजी गिरामांची पिठाची गिरणी.
मीटर दाराच्या आत, उजवीकडं, डोक्याच्या वर.
दर महिन्याला मी बाहीनं काच पुसायचो
(ज्वारीचं पीठ पांढरं, हरभऱ्याचं पिवळं)
आणि रीडिंग घ्यायचो.
रीडिंग बदलायचं. नंबर तोच :
सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार
एकशे तेहेतीस.

मुंजाजींची धाकटी, सारजा, डब्यांचा हिशेब ठेवायची.
एकदा म्हणाली, "काका, ह्या नंबराला भाग जाईना."
"कशानंच?"
"बघायलेय अजून."

पुढच्या महिन्यात बिलाच्या पाठीवर तिचं अक्षर :
सातानं, बाकी दोन.
अकरानं, बाकी चार.
तेरानं, बाकी आठ.
मी तिथंच थांबलो. पुढं सतरा होते.
नोकरीत पहिल्यांदाच मला एखाद्या आकड्याची वाट बघावीशी वाटली :
सोळा. सोळाच यायला पाहिजे.
आली तेरा.
पोरगी हसली, "मला बी तसंच वाटलं होतं."

मग मी आलो की ती कुठवर पोचली ते सांगायची.
चारशेपर्यंत. दिवाळीला दोन हजार.
आठ हजार सहाशेच्या आतच शोधायचं, म्हणायची,
त्याच्यापलीकडं कुणी सापडला
तर त्याचा जोडीदार अलीकडंच बसलेला असणार.
हजारावर भागाकार, पाठकोऱ्या बिलांवर,
आणि प्रत्येकाच्या पायाशी काहीतरी उरलेलं.
मुंजाजी पट्ट्याला राळ लावता लावता म्हणाले,
"एक अन् स्वतः, तिसरं कोणी नाही?
म्हणजे पिंपळावरचाच की. आमच्या नावाचा."

चैत्रात लाईट गेली होती. पट्टा गप्प.
तिनं पत्र्याच्या झाकणावर पीठ पसरलं,
बोटानं नंबर काढला
आणि उजवीकडून एक आकडा तळव्यानं पुसला.
त्र्याहत्तर लाख त्र्याण्णव हजार नऊशे तेरा.
भाग जात नाही.
अजून एक पुसला.
सात लाख एकोणचाळीस हजार तीनशे एक्क्याण्णव.
जात नाही.
आकडा एकच जातो, पण तोंडातलं सगळं नाव बदलतं,
लाख हजारात येतात, हजार शेकड्यात,
आणि एकोणचाळीस मधेच त्र्याण्णव होऊन बसतात.
त्र्याहत्तर हजार नऊशे एकोणचाळीस.
सात हजार तीनशे त्र्याण्णव.
दळणाला आलेल्या दोघी बायका डबे खाली ठेवून बघायला लागल्या.
सातशे एकोणचाळीस.
त्र्याहत्तर.
सात.
सातावर ती थांबली. तळवा झटकला.
कुठंही कापा, म्हणाली, जिवंतच राहतो.
बायकांपैकी एक म्हणाली, "आन् वाढवला तर?"

वाढवता येत नाही.
शेवटी एक लावा नाहीतर सात, तिनानं भाग जातो.
तीन लावा, नऊ लावा, कुठून ना कुठून भागणारा निघतोच.
समसंख्या, पाच अन् शून्याचं तर बोलायलाच नको.
पुसायला सात वेळा वाट, पुढं एक पाऊल नाही.
त्या बाईनं डबा उचलला. "मग तिथंच राहू द्या त्याला."

तिथं राहिला नाही.
नवं मीटर आलं, पडद्याचं. नंबराच्या शेवटी चार.
सारजानं एकदा वर बघितलं, परत बघितलं नाही.
जुनं मी पोत्यात घातलं, ऑफिसात जमा केलं,
पोच घेतली.
भिंतीवर त्याच्या मापाचा चौकोन राहिला,
पीठ न बसलेला, जुन्या निळ्या रंगाचा.

शेवटचं बिल द्यायला मीच गेलो.
मुंजाजींनी पैसे आधीच भरले होते.
तिनं कागद उजेडात धरला,
वरचा नंबर वाचला, खालची ओळ वाचली :
बाकी : शून्य.

"काका, हे बरोबर नाही.
ह्याच्या नावावर शून्य?"
मग जरा थांबून,
"का तुमच्या ऑफिसानं त्याला
त्यानंच भागलं?"